मेहविशच्या वहीतल्या हरवलेल्या वेलांट्या

बुलढाणा

बुलढाण्याला जाण्याआधी माझी अशी समजूत होती की लहान मुलांना वाचायला शिकवणं या बाबतीत मला आता नवीन काही कळायचं उरलेलं नाही. पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. फळ्यावरचा ‘क’ कधी गिरवायचा, कधी पुसायचा, कुठल्या आठवड्यात काना द्यायचा आणि वेलांटीला कधी हात घालायचा, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. निवृत्त झाल्यावर सुलभाचा फोन आला, “आता तरी ये की! थंडी पडलीय, तुरी भरल्यात.” मी पिशवी भरली आणि निघाले.

सुलभा माझी डी.एड.ची मैत्रीण. ती मूळची बुलढाण्याचीच. पुण्याला शिकायला आली तेव्हा ती “मले माहीत नाई” म्हणाली की आमचं अख्खं वसतिगृह हसायचं. मीही हसायची. दोन महिन्यांत तिने ‘मला’ म्हणायला सुरुवात केली आणि शिक्षण संपवून गावी परतल्यावर, तिच्याच शब्दांत, “एस.टी.तून उतरता उतरता परत ‘मले’ झाली.” आता ती केंद्रप्रमुख आहे. मोताळा तालुक्यातल्या दहा-बारा शाळांवर तिला लक्ष ठेवावं लागतं.

बुलढाणा पठारावर वसलं आहे, त्यामुळे सकाळची हवा अशी बोचरी की चहाचा कप दोन्ही हातांत धरावासा वाटतो. जिल्ह्याचं ठिकाण असूनही इथे रेल्वे नाही, आणि त्याचं कुणाला फारसं वाईट वाटताना दिसलं नाही. पहिल्या संध्याकाळी सुलभाने तुरीच्या ताज्या सोल्यांची आमटी आणि ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी वाढली. आमच्याकडे तूर म्हणजे डब्यातली पिवळी डाळ. ती हिरवी असताना इतकी गोड लागते हे मला या वयात कळलं.

“उद्या माझ्यासोबत धामणगाव बढ्याला चल,” जेवताना ती म्हणाली. “तिथं चौथीत एक पोरगी हाय. तिला वाचताच येत नाही असं गुरुजी म्हणतात. तू एकदा पाहून सांग.”

मी अगदी आनंदाने हो म्हटलं. दुसऱ्याच्या वर्गात जाऊन मत द्यायला कुठल्या शिक्षिकेला आवडत नाही?

धामणगाव बढे, सोमवार

स्टँडवर माझी पहिली फजिती झाली. सुलभा पेपर घ्यायला गेली होती आणि धामणगावची गाडी आली की मला तिला हाक मारायची होती. एक गाडी आली, पाटीवर ‘धा. बढे’ असं लिहिलेलं. मी ‘धा’ म्हणजे काय याचा विचार करत उभी राहिले आणि गाडी निघून गेली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “काऊन वो, धामनगावले जाचं होतं न तुम्हाले? मंग बसल्या काऊन नाई?” मी म्हटलं, पूर्ण नाव नव्हतं. ते म्हणाले, “पुरं कायले पायजे? समद्याईले माहीत हाय.”

पुढच्या गाडीने आम्ही घाट उतरलो. खाली मोताळ्याच्या बाजूला हवा एकदम उबदार झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. धामणगाव बढे हे चांगलं मोठं, बाजाराचं गाव आहे. तिथल्या दोन प्राथमिक शाळांच्या मध्ये एकच भिंत आहे. अलीकडे मराठी, पलीकडे उर्दू. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची मुलं त्या भिंतीवर बसून बोरं खातात.

मराठी शाळेतले इंगळे सर पस्तिशीचे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी मेहविशला पुढे बोलावलं. नऊ वर्षांची, सडपातळ, वेणीला लाल रिबीन. तिसरीपर्यंत ती उर्दू शाळेत होती. जूनमध्ये तिच्या आईने तिला इकडे घातलं.

“वाच बरं, बेटा,” सरांनी पान काढून दिलं.

ती वाचायला लागली तेव्हा मला तिचं वाचन उलट बरंच वाटलं. गावातली मुलगी, मराठी तिच्या तोंडात होतीच. ओळखीची वाक्यं ती झरझर म्हणत होती. मग आलं, ‘राजाच्या डोक्यावर मुकुट होता.’ ती थांबली, शब्दाकडे पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, “राजाच्या डोक्यावर माकड होता.”

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरचा एकजण तर डोक्यावर हात धरून माकड बसल्याची नक्कल करायला लागला. मेहविश रडली नाही. पुस्तक मिटून छातीशी धरून ती उभी राहिली.

मी तिची वही मागितली. लाल वर्तुळांनी भरलेली. ‘दवस’, ‘मलगी’, ‘गलाब’, ‘पस्तक’. मी मान हलवली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मेहविश मुलांबरोबर बाहेर गेली. दारात तिची आई नाझिमा उभी होती, सुलभाने तिलाही बोलावलं होतं. तिने सरळ मलाच विचारलं, “मॅडम, खरं सांगा मले. पोरीच्या डोक्यात काई कमी हाय का?”

“कमी काही नाही,” मी म्हणाले, “पण पाया कच्चा आहे. अक्षरओळखच पक्की नाही. मराठीच्या तासाला तिला दुसरीत बसवा, बाराखडी पहिल्यापासून घ्या. एक वर्ष जाईल.”

तीस वर्षांच्या अनुभवाच्या आवाजात मी हे बोलले. दहा मिनिटं ऐकून.

नाझिमा एकदम म्हणाली, “दुसरीतल्या लेकराईत बसवू? नऊ वर्साची झाली न ती.” मग पदर सारखा करत म्हणाली, “तिचा बाप म्हन्तेच, घरी शिलाई शिकव म्हनून. मीच जिद्द करून इकडं घातलं. दवाखान्यात, तहसीलात, समदं मराठीतच असते न वो. मले वाचता येत नाई, तिले तरी यावं.”

ती गेली. मेहविशची वही मात्र माझ्याच पिशवीत राहून गेली.

धामणगाव बढे, मंगळवार

दुसऱ्या दिवशी मेहविश शाळेत आली नाही. सुलभाला उर्दू शाळा पाहायची होती, म्हणून तिच्यासोबत मीही भिंतीच्या पलीकडे गेले. ती ऑफिसात कागदपत्रं तपासत बसली.

पहिलीच्या वर्गावर शाहीन आपा होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी वर्ग ऐकतो. त्यांना वाटलं मी तपासणीला आलेय. मी म्हटलं, “नाही आपा, मला फक्त बसायचंय. मला तुमची लिपी येत नाही.”

“मंग बसा न,” त्या म्हणाल्या. “पयलीतच बसा.”

मी चटईवर मांडी घातली. शेजारी पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपली अर्धी पाटी न बोलता माझ्यापुढे सरकवली. आपांनी फळ्यावर होडीसारखं अक्षर काढलं, खाली एक ठिपका. बे. तीन ठिपके खाली दिले की पे. दोन वर दिले की ते. इथवर मी खुशीत होते. मग त्यांनी बे दुसऱ्या अक्षराला जोडलं आणि होडी गायबच झाली. उरला एक छोटा दात आणि ठिपका. आमचा ‘ब’ जन्मभर ‘ब’च दिसतो, हे केवढं सुख आहे ते मला त्या क्षणी कळलं.

“मॅडम, ये पढिए,” आपांनी फळ्यावर छडी ठेवली.

मी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “नस.”

“नईंऽऽ!” अख्खी पहिली ओरडली. माझी शेजारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “नुक्ता नीचे है. बस है, बस!”

ठिपका वर असता तर ‘न’, खाली आहे म्हणून ‘ब’. मुलं मनापासून हसत होती. मला हसू आलं, आणि हसता हसता कान तापल्याचंही जाणवलं. पाटीवर लिहायला गेले तर आणखी गंमत. उजवीकडून डावीकडे जाताना माझ्याच तळहाताने मागचं अक्षर पुसलं जाई. दहा मिनिटांत माझा हात खडूने पांढरा आणि पाटी काळी. पण खरं कौतुक वाटलं ते पुढे. गणिताचं पुस्तक उघडलं आणि तीच मुलं आकडे डावीकडून उजवीकडे वाचू लागली. ओळ इकडून तिकडे, आकडा तिकडून इकडे. सहा वर्षांची ती मुलं एकाच पानावर दोन दिशांनी चालत होती आणि एकही अडखळत नव्हतं.

शेजारच्या खोलीत तिसरी-चौथीचा वर्ग होता. तिथल्या पुस्तकात मला काहीतरी उणं वाटलं. पहिलीच्या पुस्तकात अक्षरांच्या वर-खाली छोट्या तिरप्या रेघा होत्या. इथे एकही नाही.

“आपा, त्या रेघा कुठे गेल्या?”

“जेर, जबर, पेश? ते लहान लेकराईसाठी असते,” आपा म्हणाल्या. “पयली-दुसरीत देतो. मंग हळूहळू काढून टाकतो. मोठ्याईले कायले पायजे?” त्यांनी खडू घेऊन दोन अक्षरं काढली. “हे पाहा. जेर दिलं का ‘इस’, पेश दिला का ‘उस’. काईच नाई दिलं तं दोनीबी हाय.”

“मग वाचणाऱ्याला कसं कळतं, कुठलं ते?”

“पुढचं वाचलं का समजते.” त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “अक्षरं पाहाचे, अर्थ पाहाचा, बाकीचं आपल्या मनातून भरून घ्याचं.”

मी तिथेच बाकावर बसले. पिशवीतून मेहविशची वही काढली आणि आदल्या दिवशी जी नीट पाहिली नव्हती ती आता नीट पाहिली. दवस, मलगी, गलाब, पस्तक. काने सगळे जागेवर होते. ‘मलगी’तली दीर्घ वेलांटी होती. एका ठिकाणी ‘विहीर’ होती, ती तिने ‘वहीर’ लिहिली होती. ‘ही’ची दीर्घ वेलांटी नीट काढलेली, ‘वि’ची ऱ्हस्व तेवढी नाही. पानामागून पान मी उलटलं. गेलेले होते ते फक्त ऱ्हस्व इकार आणि ऱ्हस्व उकार. दुसरं जवळजवळ काहीच नाही. ‘मुकुट’चे दोन्ही उकार सोडले की उरतो ‘मकट’, आणि त्यात मनातून भरलं की ओळखीचं माकड. ज्या मुलीला अक्षरओळख नाही तिच्या चुका इतक्या नेमाच्या कशा असतील?

“ही वही मेहविशची न?” आपांनी ओळखलं. “माह्या वर्गात सगळ्यात फाष्ट वाचनारी पोट्टी होती. जाऊन राह्यली तवा लय वाईट वाटलं मले.”

मी त्यांना सगळं सांगितलं. माकडाचं, आणि मी काय बोलले तेही. आपांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे म्हणाल्या, “चला मॅडम, तिच्या घरी जाऊ.”

गादीच्या दुकानात

मेहविशच्या वडिलांचं, रफिकभाईंचं, गाद्या-उशांचं छोटं दुकान आहे आणि त्याच्यामागे घर. कापूस पिंजून झालेला होता, त्याचे तंतू उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होते. मेहविश उशीच्या खोळीला टीप मारत बसली होती. आम्हाला पाहून ती उठून आत गेली.

मी नाझिमाला म्हटलं, “काल मी चुकीचं बोलले. तिचा पाया कच्चा नाही. मलाच कळलं नव्हतं.”

रफिकभाईंनी दोन लोड पुढे सरकवले, मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात आणली आणि सांगितलं, “पयले खा, मंग बोला.” शेंगा सोलत सोलत आपांनी त्या दोघांना सगळं समजावलं. शेवटी त्यांनीच आत हाक मारली, “मेहविश, इधर आ बेटा. कॉपी लेके.”

ती आली. आपांनी तिने आणलेल्या वहीवर तिला उर्दूत एक शब्द लिहायला लावला आणि विचारलं, “यहाँ जेर काऊन नाई दिलं तू?”

“मी चौथीत हाय,” मेहविश म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा ताठा होता. “जेर तं पयलीतले देते.”

“आणि मराठीत वेलांटी का नाही देत?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. “ते तसंच हाय न? लहान पोराईचं. सर लाल करते, पन मले वाटलं, मी इकडं नवीन हाय म्हनून मले लहान समजून राह्यले.”

सहा महिने ही मुलगी मोठ्या माणसासारखं लिहीत होती आणि आम्ही तिला बारकी ठरवत होतो.

“मेहविश,” मी म्हटलं, “मराठीत वेलांटी कधीच काढून टाकत नाहीत.”

“कदीच?”

“कधीच.”

“पाचवीत बी नाई?”

“दहावीतही नाही. मी साठीला आलेय, मीसुद्धा रोज देते.”

आपांनी वहीवर जेर काढलं, त्याच्यासमोर मी पहिली वेलांटी काढली. त्यांनी पेश काढला, मी ऱ्हस्व उकार. मेहविशने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. मग स्वतःच पेन्सिल घेऊन ‘मुकुट’ लिहिला, दोन्ही उकारांसकट, आणि म्हणाली, “म्हंजे मराठीत मनातून काईच भराचं नाई? समदं लिहेलच असते?”

“हो.”

“मंग तं सोपं हाय.”

रफिकभाई मोठ्याने हसले. नाझिमा उठून आत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि हातात चहा होता.

बुधवार ते शनिवार

पुढचे चार दिवस मी रोज घाट उतरून गेले. अजिंठ्याला जायचं ठरलं होतं ते राहिलं, त्याची रुखरुख नाही. दुपारी शाळा सुटली की इंगळे सर, शाहीन आपा, मेहविश आणि मी चौथीच्या वर्गात बसायचो. सरांनी पहिल्याच दिवशी आपांना विचारलं, “तुमच्याकडून माझ्याकडं आतापर्यंत पाच-सहा पोरं आली असतील. सगळ्यांचं असंच होत असेल का हो?” आपा म्हणाल्या, “तुमी कदी इचारलंच नाई, अन् मी सांगतलं नाई.” दोघांनाही वाईट वाटलेलं दिसलं. मग सरांनी वहीत जेर-जबर उतरवून घ्यायला सुरुवात केली. दिवसभर दोन वर्ग एकट्याने सांभाळलेला माणूस घरी जायची घाई न करता अलिफ-बे गिरवत बसतो, हे मी पाहत होते. इतक्या वर्षांत मला शेजारच्या वर्गात डोकावायलाही सवड झाली नव्हती.

मेहविशचे प्रश्न मात्र मला पुरून उरले. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि बोलताना ‘क’ आधी, असं का? “वेलांटी समोर उभी राह्यते अन् मांगून बोलते, काऊन?” तीस वर्षांत एकाही मुलाने मला हे विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि मी “असंच असतं” म्हणून फळ्याकडे वळले असेन. अशी किती मुलं मी ‘कच्ची’ म्हणून मागच्या बाकावर बसवली असतील, हे त्या परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी मोजायचा प्रयत्न केला. चेहरे आठवले. नावं आठवेनात. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा. सरांनी तिला न शिकवलेलं पान दिलं. वर्गाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मेहविशला दोन लिप्या येतात, तुमच्यातल्या कुणाला येत असतील त्याने हसावं. कुणी हसलं नाही. दाराबाहेर नाझिमा आणि आपा उभ्या होत्या.

मेहविश हळू वाचत होती. आधीची झरझर गेली होती. बोट एकेका अक्षराखाली नेऊन, वेलांटी दिसली की क्षणभर थबकून, ती पुढे जात होती. ‘कुणीतरी विहिरीत वाकून पाहिलं.’ बरोबर. ‘पिवळी फुलं.’ बरोबर. ‘सूर्य’वर ती अडली. बराच वेळ पाहून तिने मान वर केली.

“सर, हे वरतं काय हाय?”

“रफार. तो ‘र’ आहे.”

“बोलाचा आदी अन् बसला शेवटच्या डोक्यावर?”

“हो.”

तिने निराशेने मान हलवली. मागच्या बाकावरचा, सोमवारी माकडाची नक्कल करणारा मुलगा म्हणाला, “मलेबी नाई समजत तो, सर.” आणखी तिघा-चौघांनी हात वर केले. सर हसले, म्हणाले सोमवारी सगळ्यांनाच परत शिकवतो. मेहविशने ‘सूर्य’ म्हटलं, उरलेल्या चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती पहिल्यांदा घाबरल्यासारखी दिसली.

“चौथीतच बसेल ती,” इंगळे सर दाराकडे पाहून म्हणाले. “बाकी उरलेलं मी अन् आपा पाहून घेऊ.” आपांनी नाझिमाचा हात हातात घेतला होता.

मला दुपारच्या गाडीने निघायचं होतं. निघताना नाझिमाने बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, सोमवारी तुमी जे बोलल्या न, दुसरीत बसवा म्हनून, ते तिनं आयकलं होतं. दाराच्या मांगंच होती ती. त्या राती जेवली नाई.”

तिच्या आईची मी माफी मागितली होती. मेहविशची मागितलीच नव्हती. मी परत वर्गाकडे गेले. मुलं पाणी प्यायला बाहेर पडत होती. मेहविशला मी ओट्यावर बसवलं, तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मेहविश, सोमवारी मी तुझ्याबद्दल चुकीचं बोलले. तुला वाचता येत होतं. मला ते ओळखता आलं नाही. मला माफ कर.”

तिने रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग माझी समजूत काढावी तशी म्हणाली, “जाऊ द्या न, मॅडम. तुमी बी इकडं नवीनच होत्या.”

आणि घंटा झाली तशी ती उठून चौथीच्या वर्गात गेली.